सोपा प्रश्न

"चालू झाल्याशिवाय हळदकुंकू नाही," विलास गुरुजींनी जाहीर केलं आणि पडवीतल्या सगळ्यांनी शैलेशकडे पाहिलं.

खंडेनवमीची सकाळ. मुठा गावातल्या गुरुजींच्या पडवीत पाटावर विळा, कोयता, पहार आणि शेजारच्या कुशाबाचा फवारणीचा पंप मांडून झाला होता. बाजूच्या टेबलावर गुरुजींचा जुना कंप्युटर. निवृत्तीनंतर गुरुजी त्याच्यावर गावाचे अर्ज टाइप करून देत. परवापासून तो धड सुरूच होत नव्हता. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या इंग्रजी ओळी यायच्या आणि तो तिथेच बसून राहायचा. गुरुजींनी मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता. "माझा शैलू येतोय बावधनहून," ते येईल त्याला सांगत होते, "कंप्युटरच्या कंपनीत साहेब आहे. नुसतं बोट लावील."

शैलेश खरोखरच साहेब होता. कित्येक वर्षं तो मीटिंगा घेत होता, आणि मीटिंगमध्ये कंप्युटर बिघडला तर खालच्या मजल्यावर फोन करण्याचा अधिकार त्याला होता.

तो खुर्चीत बसला. पडद्यावरच्या ओळींतली शेवटची ओळ त्याने वाचली. ऑफिसातही तो शेवटचीच वाचत असे. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा, असं तिथे लिहिलं होतं. त्याने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"जोरात दाबा की, दादा," कुशाबा म्हणाला. "आमचा पंप बी असाच करतोय सकाळचा."

कुणीतरी हसलं. शैलेशचे कान तापले.

"शैलू, आधी मागची बाजू बघतोस का?" गुरुजी हळूच म्हणाले. "तारा-बिरा?"

"अण्णा, तारांचं काय बघायचं? प्रॉब्लेम आतला आहे," शैलेश म्हणाला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर मागवला.

डबा उघडायला वेळ लागला. मागून एक जांभळी पिन लोंबत होती, ती सारखी हाताला आडवी येत होती. त्याने ती नीट बाजूला सारली. आत धूळ होती, एक वाळलेली पाल होती, आणि बाकी जे होतं त्याची नावं त्याला कधीकाळी परीक्षेपुरती ठाऊक होती. तो गंभीर चेहऱ्याने फुंकर मारत राहिला.

वेळ जावा म्हणून कुशाबा मंडळींना जुनी गोष्ट सांगू लागला. "गुरुजींचं लई भारी असायचं. शाळा तपासायला सायेब आला की वर्गातल्या ढ पोराला हुबं करायचे. म्हंजे मला. 'कुशा, आपल्या गावची नदी कोणती?' आता मुठ्यात ऱ्हाऊन मुठा म्हणायला काय अक्कल लागतीया? पण सायेब खूश! पाठ थोपटली माझी. आमची आय गावभर सांगत फिरली."

"आधी तू भीमा म्हणाला होतास," गुरुजी म्हणाले.

पडवी खदखदली. त्या हशात शैलेशने डबा बंद केला. दोन स्क्रू उरले, ते त्याने खिशात टाकले, आणि रुमालाने हात पुसत ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, अण्णा. आता नाही हा सुरू होणार."

"म्हंजे बाद?" कुशाबाने विचारलं.

गुरुजींनी शैलेशकडे पाहिलं, मग त्या जांभळ्या पिनेकडे, मग पुन्हा शैलेशकडे. शैलेशला वाटलं, अण्णांना कंप्युटर गेल्याचं वाईट वाटतंय.

"शैलू सांगतोय म्हणजे बादच," ते म्हणाले. त्यांनी तबक उचललं आणि बंद कंप्युटरला हळदकुंकू वाहिलं.

"चालू झाल्याबिगर न्हाई म्हनला व्हता ना?"

"तू गप रे कुशा. राबलाय तो."

जेवताना कुणी कंप्युटरचं नाव काढलं नाही. गुरुजींनी शैलेशला दोनदा आग्रहाने खीर वाढली. आजाऱ्याला वाढावी तशी.

निघताना गाडीची किल्ली काढायला त्याने खिशात हात घातला, तर हाताला ते दोन स्क्रू लागले. तो परत फिरला.

पडवी आता रिकामी होती. गुरुजी टेबलामागे गुडघ्यांवर बसून कीबोर्डची जांभळी पिन अंगठ्याने आत रेटत होते. आई बॅटरी धरून उभी होती.

"परवा तुम्हीच काढून ठेवली होतीत ना?" ती म्हणाली. "मग सांगायचं त्याला."

"चारचौघांत कसं सांगू?" गुरुजींनी उठून बटण दाबलं. "अगं, मी त्याला नदीच विचारली होती."

शैलेशचा पाय पाटावरच्या पहारेला लागला. गुरुजी दचकले आणि त्यांनी क्रोशाचं झाकण घाईघाईने पडद्यावर ओढलं.

"काय राहिलं रे?"

"स्क्रू." त्याने ते झेंडूच्या फुलांशेजारी ठेवले.

"मदरबोर्डच असणार," गुरुजी म्हणाले.

"हो. जुना झाला होता."

क्रोशाच्या भोकाभोकांतून निळा उजेड बाहेर येत होता. मग चालू झाल्याची धून वाजली, अगदी शेवटपर्यंत. तिघांपैकी कुणालाही ती ऐकू आली नाही.