पोपटनं खाल्लेली अळंबी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: घोड्यांचं कुरण, लिदीशेजारी उगवलेली पांढरीशुभ्र अळंबी, आणि ती फ्रॉकच्या ओच्यात भरून पळत सुटलेली सुगंधा.

“काका, आज अळंबीचा रस्सा! मी सगळ्या आळीला जेवायला बोलावलंय.”

पोपट नावाच्या घोड्याला खरारा करणारे काका थबकले. “ही खायची असते, हे कोणी सांगितलं?”

“पोपटनं! त्यानं भरपूर खाल्ली आणि अजून ठणठणीत आहे.”

“अगं वेडाबाई, त्याचं पोट निराळं, आपलं निराळं. विषारी अळंबीही अशीच गोरीगोमटी असते. मला ओळखता येत नाही, म्हणून मी खात नाही.”

सुगंधाचा चेहरा पडला. आता पाहुण्यांना वाढायचं काय? तिनं अळंबी खड्ड्यात पुरली, साबणानं हात धुतले आणि दारोदार ओरडत सुटली, “जेवायला याच, फक्त कालवण घरून आणा!”