खड्ड्यातला ब्रश

भोकरदनजवळ पाण्याची पाइपलाइन जाणार होती. त्याआधी जमिनीत जुनं काही आहे का, ते बघायला आम्ही एक खड्डा घेतला होता. आत मी एकटाच, तोही अनवाणी, कारण तिथं चपलेला बंदी असते.

दुपारी ब्रशनं माती झाडता झाडता मी हात थांबवला, तरी ब्रशचा आवाज थांबला नाही.

"गजाननभाऊ, तुम्ही माती झाडून राह्यले का?"

"मी चहा पिऊन राह्यलो," भाऊ काठावरून म्हणाले. "जल्दी आटप, स्वानंद. काही न्हाई असं कळवलं की उद्या पाइप टाकतील. गाव पाण्यासाठी खोळंबलंय."

"पण खाली कुणीतरी आहे."

"मंग त्यालाच विचार, वर काही सापडलं का."

मी मातीला कान लावला. आवाज बराबर माझ्याच खाली होता. त्याला घाई नव्हती.

मी उभा राहिलो. पायाखालची माती जराशी सरकली आणि तळपायावर मऊ केस फिरले. हळूच, एकेका बोटाच्या फटीतून. जुनी वस्तू फुटू नये म्हणून आम्ही ब्रश फिरवतो, बिलकुल तसेच.

"काय रे, सापडलं का काही?" भाऊंनी विचारलं.

"सापडलं," मी न हलता म्हणालो. "आपल्याला न्हाई. त्यांना."