तिसऱ्या अंकातलं एकच वाक्य

"नायिका मी, आणि तिसऱ्या अंकात मला एकच वाक्य?" तालमीच्या खोलीत नटी हिरमुसून बसली होती. "पहिल्या अंकात नवी नवरी म्हणून नुसती चिवचिवते. दुसऱ्यात, नवरा बोटीवर निघाला म्हणून कडाकडा भांडते. मग तो बुडाल्याचं कळल्यावर चार ओळी रडायला नकोत?"

"नकोत," नाटककार बाई चहा फुंकत म्हणाल्या. "तू आपली मांडलेल्या दोन ताटांतलं एक उचलून आत ठेव. मग म्हण, 'दार लावून घेते.' बस्स."

"अहो, पण तिच्या मनात काय चाललंय ते लोकांना कळणार कसं?"

"कळेल गं. मी लिहिलंय ना."

पहिल्या प्रयोगात नटीने ताट उचलून आत ठेवलं, वाक्य म्हटलं, दार लावलं आणि पाठमोरी उभी राहिली. नाट्यगृह चिडीचूप. घरी तिला उठता-बसता 'जरा तोंड मिट' म्हणणारे तिचे वडील पहिल्या रांगेत होते. भान विसरून ते मोठ्यानेच म्हणाले, "अगं, बोल ना काहीतरी."

विंगेतून बाईंनी पडदा पाडायची खूण केली.