नवी सिरिंज

आत्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा तो फक्त भाचीची सिरिंज बदलताना. ऑपरेशननंतर पोरीच्या हृदयाला जोर देणारं औषध पंपातून चालू होतं. क्षणभर खंड पडला तरी रक्तदाब कोसळेल, म्हणून जुनी सिरिंज संपण्याआधीच शेजारच्या पंपावर नवी सुरू होई. दोन नर्स मिळून बदलत, तेव्हा कुणी बोलायचं नाही, असा दंडक. आज सिरिंज संपत आली तरी दोघी रिकाम्या हातांनी आल्या. आत्याला राहवेना. “अगं बायांनो, नवी विसरलात!” मोठ्या नर्सनं खुणेनंच गप्प बसवलं आणि पंपच बंद केला. पडद्यावर रक्तदाबाचा आकडा उतरला, घुटमळला, पुन्हा सावरला. “औषध कमी-कमी करत आणलेलं. पोरीचं हृदय आता स्वतःच्या जोरावर चालतंय. बोला, आत्याबाई!” पण आत्याच्या तोंडून शब्द फुटेना. खाटेवरून बारीक आवाज आला, “आत्या, तुला बरं नाही का?”