चिंचिलाच्या पुढे

आपली चिन्मयी मराठी विसरणार, या एकाच विचाराने श्रीनिवासला घोर लागला होता. घरात काहीही विचारा, पोरीचं उत्तर इंग्लिशमध्येच. तिची आई नुपूर दूर पश्चिमेकडच्या एका लहान गावात डॉक्टर होती, म्हणून दर शुक्रवारी बापलेक ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातून तिच्याकडे निघायचे. चिंचिला गाव मागे पडलं की फोनची रेंज गुल आणि रेडिओची नुसती खरखर. मग वेळ जाता जाईना म्हणून गाण्यांच्या भेंड्या. एवढा लांबलचक रस्ता असा फुकट जातो, याने त्याचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

शेवटी त्याने गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवून घेतला. "कानावर पडलं की आपोआप जिभेवर येतं," असं नुपूरला फोनवर ऐकवलंही.

या शुक्रवारी भर माळरानात मराठी कार्यक्रम खणखणीत लागला. श्रीनिवास सारखा आरशात बघत होता. मागच्या सीटवर चिन्मयीची चुळबुळ चालली होती.

"ऐकतेस ना गं? छान आहे ना?"

"येस बाबा, इट्स ओके."

त्याने आवाज आणखी वाढवला. थोड्या वेळाने पोरगी पुढे वाकली आणि त्याच्या खांद्याला बोट लावून म्हणाली,

"बाबा, आज रेडिओची रेंज जाणारच नाही का? गेल्या वेळी मी 'ठ'वर हरले होते ना, म्हणून आजीला फोन करून अख्खं गाणं पाठ केलंय."