छपरावरचं धुराडं

सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात साहेबांनी टेबलभर खेळण्यातली रेल्वे मांडली होती. रूळ, सिग्नल, बोगदा सगळं झालं होतं, राहिली होती ती फक्त इंजिनांची शेड. ती बांधायला त्यांनी चंद्रभान फिटरला बोलावलं, कारण लोको शेडमध्ये तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला तिची वीट न् वीट पाठ असणार. चंद्रभान तीन रविवार खपला आणि बोटाच्या पेराएवढ्या विलायती विटा एकावर एक बसवत त्यानं खरी शेड हुबेहूब उभी केली.

साहेबांनी वाकून आत पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

"अहो, छपराला धुराडं कुठाय? इंजिन आत आलं की धूर जाणार कुठून? गुदमरून मरतील की आतली माणसं!"

"जशी आहे तशीच बनवली न साहेब," चंद्रभान म्हणाला. "आपल्या शेडले तरी कुठी आहे धुराडं? तीन डाव अर्ज देल्ला न म्या तुम्हाले."

"त्याला वरून मंजुरी लागते हो. हे आपल्या हातातलं आहे. बसवा दोन."

त्यानं छपराच्या विटा उचकटून दोन धुराडी बसवली. साहेबांनी खुशीत बटण दाबलं. विजेवरचं ते इंजिन धुराचा कणही न सोडता आत जाऊन उभं राहिलं. ते बघता बघता चंद्रभानला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

"बाहेर जाऊन खोका हो," साहेब टेबल घट्ट धरत म्हणाले, "भिंत हलतेय."