परत ठेवलेलं कार्ड

डॉक्टरांची फाईल मी ताईच्या टॅरो कार्डांवरच आपटली. समोर मोबाईलवर तिचा ऑनलाइन क्लास चालू होता.

"बंद कर ते आधी!"

चार महिन्यांपूर्वी छातीतली गाठ हाताला लागली, तेव्हा घाबरून मी तिलाच फोन केला होता. नवं नवं शिकत होती, उत्साहात होती. कार्ड काढून म्हणाली, "सूर्य आलाय. काही होत नाही तुला!" आणि मी मूर्खासारखी निवांत बसले.

"आज डॉक्टर ओरडले, इतके दिवस काय करत होतात? काय सांगू त्यांना? बहिणीने घरबसल्या पत्ते बघून मला बरं केलं होतं?"

ताई रडायला लागली. "अगं, आधी दुसरंच आलं होतं. कोसळणारा मनोरा. फार वाईट असतं ते. पण क्लासच्या मॅडम सांगतात, समोरच्याला घाबरवायचं नाही. म्हणून ते परत ठेवलं आणि चांगलं येईपर्यंत काढत राहिले."

मी फाईल उचलली.

"सकाळपासून मी या कार्डांना शिव्या घालतेय, ताई. ती तर मला दवाखान्यात पाठवत होती. अडवलंस तू."